कमी बोलणाऱ्याचा धंदा

अंतर्मुख स्वभावाचा माणूस धंद्यात अडतो तो बहुधा गिऱ्हाईक मिळवताना, भाव ठरवताना, माणसे सांभाळताना आणि उधारी वसूल करताना. माल बनवताना तो सहसा अडत नाही. एकाच गोष्टीत तासन्‌तास डोके घालून बसण्याची त्याची सवय तिथे उपयोगीच पडते. अडचण सुरू होते ती माल तयार झाल्यावर, कारण त्यानंतरची बरीच कामे तोंडाने करायची असतात. बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, अशा अर्थाची म्हण मराठीत जुनी आहे. मराठी माणसाला धंदा का जमत नाही, या शिळ्या चर्चेतही ‘आपल्याला गोड बोलता येत नाही’ हे कारण हमखास पुढे येते.

म्हण खोटी नाही, पण ती एका विशिष्ट विक्रीला लागू पडते. गिऱ्हाईक अनोळखी, व्यवहार एकदाच होणारा आणि भाव न ठरलेला, अशी ती विक्री. या तीन गोष्टी बदलल्या की बोलण्याचे महत्त्व झपाट्याने कमी होते. म्हणून बोलके होण्याची धडपड करत बसण्यापेक्षा अंतर्मुख माणसाने या तीन गोष्टी बदलाव्यात, आणि जिथे बोलण्यावाचून गत्यंतर नाही अशा मोजक्या जागी मात्र न चुकता बोलावे, हा मार्ग जास्त पक्का ठरतो. पुण्यात त्याचे दाखले पेठांतल्या दुकानांपासून भोसरीच्या शेडपर्यंत सापडतात.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. लाजाळूपणा आणि अंतर्मुखता या दोन गोष्टी सर्रास एक मानल्या जातात. लाजाळूपणात भीती असते: फजिती होईल का, लोक काय म्हणतील. अंतर्मुख माणसाला अशी भीती असेलच असे नाही. तो व्यासपीठावर उत्तम बोलेल, पण नंतर तासभर त्याला कोणी भेटायला नको असते. माणसांच्या गर्दीत तो दमतो आणि एकांतात ताजातवाना होतो. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी सविस्तर मांडली. पुढच्या संशोधकांनी दोन वेगळे कप्पे न करता एकच पट्टी मानली, आणि बहुतेक माणसे त्या पट्टीच्या मधल्या भागात कुठेतरी येतात. धंद्याच्या दृष्टीने हा फरक कामाचा आहे. भीती सरावाने कमी होते. स्वभाव मात्र तसाच राहतो, आणि कामाची आखणी त्याला धरूनच करावी लागते.

विक्रीसाठी बहिर्मुख माणूसच हवा, हा समजही तपासून पाहिला गेला आहे. अमेरिकेतल्या व्हार्टन व्यवस्थापन संस्थेतील अॅडम ग्रँट यांनी फोनवरून विक्री करणाऱ्या ३४० जणांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सर्वाधिक विक्री पट्टीच्या मधल्या भागातल्या माणसांनी केलेली आढळली. फार बोलके लोक मागे पडले; ते कमी ऐकत असावेत, असा ग्रँट यांचा अंदाज आहे. अर्थात अगदी अबोल विक्रेतेही या अभ्यासात पुढे नव्हते, हे सोयीस्करपणे विसरता कामा नये.

पुण्याच्या पेठांतल्या जुन्या दुकानांनी हा प्रश्न संशोधनाशिवाय सोडवला. ‘एकच भाव’ ही पाटी विनोदाचा विषय झाली असली तरी धंद्याच्या दृष्टीने ती फार मोठी गोष्ट आहे. घासाघीस हा बोलक्या माणसाचा खेळ. भाव ठरलेला असला की खेळच संपतो. दुकानदाराला गिऱ्हाइकाचा चेहरा वाचावा लागत नाही आणि गिऱ्हाइकालाही शेजाऱ्याला स्वस्तात मिळाले असेल ही रुखरुख राहत नाही. उघडण्या-बंद होण्याच्या वेळा, सुटे पैसे, माल परत घेण्याची अट, शाखा आहे की नाही, ही सगळी संभाषणे पाटीवर एकदाच लिहून टाकली की दिवसभरात तीच ती उत्तरे द्यावी लागत नाहीत. गर्दीच्या वेळी अशा एखाद्या मिठाईच्या दुकानात उभे राहून पाहावे. ‘अर्धा किलो बाकरवडी’, मग तराजूवर आकडा, मग रक्कम, मग पिशवी. एवढ्यात व्यवहार आटोपतो आणि पुढचा हात काउंटरवर आलेला असतो. सगळ्या देवघेवीत दुकानदाराचे पाच-सहा शब्द खर्च होतात.

चितळे हे याचे ठळक उदाहरण. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीला दुधाचा व्यवसाय सुरू केला. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव, म्हणजे भाऊसाहेब, यांनी १९५० मध्ये पुण्यात चितळे बंधू मिठाईवाले हे दुकान काढले. बाकरवडी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली आणि मागणी वाढल्यावर यंत्रावर बनू लागली. दुकानाची ख्याती गोड बोलण्यावर कधीच नव्हती; दुपारी एक ते चार बंद असण्यावर होती. तरीही चार वाजता दारात माणसे उभी असत, कारण आतला माल कालच्यासारखाच असेल याची त्यांना खात्री होती. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर १९५५ पासून असलेल्या कयानी बेकरीचीही तीच गत. श्रूसबेरी बिस्किटांसाठी रांग लागते आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसाला काही पटवून द्यावे लागत नाही. मालाचा एकसारखेपणा हीच इथली विक्री, आणि तो भटारखान्यात तयार होतो, काउंटरवर नाही.

मात्र पुणेरी तुसडेपणाला अंतर्मुखतेचे प्रमाणपत्र देऊ नये. गिऱ्हाइकाचा अपमान करणारा दुकानदार अबोल नसतो, तो नको तिथे बोलतो. शिवाय त्या काळात चांगला माल थोड्या ठिकाणी मिळे, त्यामुळे बंद दाराचीही ऐट चालून गेली. घरबसल्या माल मागवता येऊ लागल्यावर तिचा उपयोग उरला नाही. चितळ्यांनी २०१७ मध्ये दुपारीही दुकान उघडे ठेवायला सुरुवात केली, तेव्हा त्याची बातमी झाली. बदलली ती वेळ. भाव आणि माल यांची शिस्त होती तशीच राहिली. अंतर्मुख उद्योजकाने या दुकानांकडून नेमके काय उचलायचे, हे त्यावरून कळते.

कमी बोलणाऱ्याला याहूनही मानवणारा धंदा शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. साठच्या दशकात पिंपरीत टेल्को आणि आकुर्डीत बजाज उभे राहिले, आणि त्यांना लागणारे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांची रांग भोसरी-चिंचवड परिसरात वाढत गेली. पुढे ती चाकणपर्यंत पोचली. यांतले कितीतरी कारखाने नोकरी सोडलेल्या इंजिनिअरांनी किंवा टूलरूममध्ये हात तयार झालेल्या कारागिरांनी, एक लेथ आणि भाड्याचा गाळा एवढ्यावर सुरू केले. इथे गिऱ्हाईक म्हणजे मोठ्या कंपनीचे परचेस खाते. ते ड्रॉइंग पाठवते. त्यावर दांड्याचा व्यास, टॉलरन्स, धातूची प्रत, उष्णताप्रक्रिया, सगळे लिहिलेले असते. वेंडर सॅम्पल बनवतो, मापे घेऊन तपासणी अहवाल जोडतो, सॅम्पल पास झाले की पीओ, म्हणजे खरेदीचा आदेश, येतो. नंतर दर महिन्याला दोनच गोष्टी पाहिल्या जातात: किती नग नाकारले गेले आणि माल वेळेवर आला का. दर दहा लाख नगांत किती सदोष, हा आकडा वेंडरच्या नावापुढे लागतो. दांडा दहा मायक्रॉनने जाड निघाला तर कितीही मधाळ बोलून तो बेअरिंगमध्ये बसत नाही. मायक्रोमीटरपुढे अबोल आणि वाचाळ सारखेच.

याच सुखात एक धोका लपलेला असतो. एक मोठे गिऱ्हाईक मिळाले, काम सुरळीत चालू झाले, की अंतर्मुख मालक दुसऱ्या दारात जात नाही. नव्या माणसाकडे जाऊन ओळख करून द्यायची, ताटकळत बसायचे, नकार ऐकायचा, हे सगळे टळलेले असते. मग ऐंशी-नव्वद टक्के उलाढाल एकाच कंपनीवर उभी राहते. २०१९ मध्ये वाहन उद्योगात मंदी आली आणि कारखानदारांनी उत्पादन कमी केले, तेव्हा पिंपरी-चिंचवडमधल्या अशा कारखान्यांत पाळ्या बंद झाल्या. माल उत्तम होता, पण घ्यायला दुसरे कोणी नव्हते. वर्षाकाठी दोन नवी गिऱ्हाइके शोधायचीच, असा नेम अबोल माणसाने बोलक्यापेक्षा जास्त कडकपणे पाळायला हवा, कारण त्याला ते आपणहून सुचणार नसते.

बोलण्याचे काम दुसऱ्याला देणे हा सर्वांत जुना उपाय. पुण्यात क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीची उभारणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कैलास काटकर दहावीनंतर कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरसचा उपद्रव वाढला, तसे संजय यांनी तो काढून टाकणारे प्रोग्रॅम लिहिले आणि कैलास यांनी ते गिऱ्हाइकांपर्यंत नेले. एकाने बाजार सांभाळला, दुसऱ्याने संगणकासमोर बसून उत्पादन घडवले. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. दोघांपैकी कोण अंतर्मुख आणि कोण बहिर्मुख, याचे निदान बाहेरच्याने करू नये. लक्षात घ्यायची ती कामाची वाटणी. किर्लोस्करांकडेही ती दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना तिथून सायकली पाठवत आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकत. अशी जोडी घरात मिळाली तर ठीकच, पण घरात नसेल तर पगार देऊन किंवा भागीदारी देऊन ती बाहेरून आणावी लागते. इथे अंतर्मुख माणूस एक चूक वारंवार करतो: विक्री करणाऱ्याला तो मनातून कमी लेखतो. ‘खरे काम तर मी करतो’ हा भाव चेहऱ्यावर दिसला की चांगला विक्रेता वर्षभरही टिकत नाही.

किर्लोस्करांच्या कहाणीतली आणखी एक गोष्ट अबोल उद्योजकासाठी मोलाची आहे. लोखंडी नांगर १९०३ च्या सुमारास तयार झाला, पण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने तो सुरुवातीला पडून राहिला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये शंकर वासुदेव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याचे आणि मालाचे वृत्त देणारे ते पत्र होते. पुढे त्यातूनच मराठीतले एक मोठे मासिक उभे राहिले. गावोगावी फिरून तोंडाने सांगायच्या गोष्टी छापील कागद सांगू लागला. लिहिणे हे अंतर्मुख माणसाचे हुकमी साधन आहे. समोरासमोर ज्याला शब्द सुचत नाहीत तो रात्री बसून चार ओळींचे नेमके पत्र लिहू शकतो. दरपत्रक, कामाचे छायाचित्रांसह टिपण, नेहमीच्या प्रश्नांची छापील उत्तरे, काम संपल्यावर आठवडाभरात गिऱ्हाइकाला पाठवलेली चौकशीची चिठ्ठी, हल्ली व्हॉट्सअॅपवरची, हे सगळे विक्रीचेच काम आहे. त्यात आवाज चढवावा लागत नाही.

ओळखी वाढवण्याच्या मेळाव्यांविषयी मात्र अंतर्मुख मंडळींचा विनाकारण दुस्वास असतो. पुण्यात मराठा चेंबर १९३४ पासून आहे. मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब आहे. सकाळी सातच्या आसपास नाश्त्याला जमणाऱ्या बीएनआय या संघटनेच्या शाखा आहेत. बीएनआयच्या बैठकीत प्रत्येकाला ठरावीक सेकंदांत आपला धंदा सांगायचा असतो आणि नंतर एकेकट्याने भेटायचे असते. वरवर हे बोलक्यांचे राज्य वाटते. पण ही संघटना १९८५ मध्ये स्थापन करणारे इव्हान मिझनर यांनीच आपण मुळात अंतर्मुख असल्याचे लिहिले आहे. विचार केला तर त्यात नवल नाही. काय बोलायचे, किती वेळ बोलायचे, कोणाला कधी भेटायचे, हे सगळे नियमाने बांधलेले असले की अबोल माणसाला बरे वाटते. त्याला खरा त्रास होतो तो हातात चहाचा कप घेऊन मोकळ्या गर्दीत हिंडण्याचा. त्याने शंभर कार्डे वाटू नयेत. तीन माणसांशी अर्धा-अर्धा तास बोलावे आणि दुसऱ्या दिवशी त्यांना लिहावे.

माणसे सांभाळण्याच्या बाबतीत तर अंतर्मुख मालकाला एक उपजत फायदा असतो, फक्त तो सगळीकडे चालत नाही. ग्रँट, फ्रान्चेस्का जीनो आणि डेव्हिड हॉफमन यांनी २०११ मध्ये पिझ्झा पोचवणाऱ्या दुकानांच्या साखळीवर अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या दुकानांतले कर्मचारी स्वतःहून सूचना करणारे होते तिथे कमी बहिर्मुख व्यवस्थापकाकडे नफा जास्त झाला. जिथे कर्मचारी सांगितल्याशिवाय हलत नव्हते तिथे बहिर्मुख व्यवस्थापक सरस ठरला. जुन्या हाताच्या कारागिरांचे टूलरूम आणि रोज नवे कंत्राटी कामगार येणारी पॅकिंग लाइन यांत हाच फरक आहे. पहिल्या ठिकाणी ऐकणारा मालक हवा, दुसऱ्या ठिकाणी ओरडून सांगणारा पर्यवेक्षक, आणि मालकाला ओरडता येत नसेल तर त्याने असा पर्यवेक्षक नेमावा.

ऐकण्याची ताकद थरमॅक्स या पुण्यातल्या कंपनीच्या इतिहासात दिसते. १९९६ मध्ये कंपनीचे प्रमुख रोहिंटन आगा यांचे अकस्मात निधन झाले आणि मनुष्यबळ विभाग सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नी अनु आगा यांच्याकडे कंपनीचे अध्यक्षपद आले. आपल्याला हे झेपेल का, अशी शंका तेव्हा मनात होती, असे त्यांनी पुढे उघडपणे सांगितले आहे. शंका आणि अंतर्मुखता एक नव्हेत, पण बोलका, ठाम, सगळे माहीत असलेला नेता ही प्रतिमा त्यांच्याजवळ नव्हती एवढे नक्की. शतक संपताना कंपनी तोट्यात गेली, चारशेच्या घरातला शेअर ३६ रुपयांपर्यंत उतरला आणि एका भागधारकाने त्यांना निनावी पत्र लिहून आपली निराशा कळवली. ते पत्र त्यांनी मनावर घेतले. बाहेरचे सल्लागार आणले, संचालक मंडळ बदलून स्वतंत्र संचालकांना महत्त्व दिले, मूळ कामाशी संबंध नसलेले व्यवसाय सोडले. २००४ मध्ये मुलगी मेहेर पदमजी यांच्याकडे अध्यक्षपद देऊन त्या बाजूला झाल्या, तेव्हा कंपनी सावरलेली होती. निनावी पत्र टोपलीत टाकणे कोणत्याही अध्यक्षाला सोपे असते.

मात्र याच प्रकरणात कठोर निर्णयही होते, आणि अनेक अंतर्मुख मालक नेमके तिथेच कच खातात. काम न करणाऱ्याला महिनोन्‌महिने काही सांगायचे नाही, मनात हिशेब ठेवायचा आणि एक दिवस काढून टाकायचे, ही त्यांची रीत कामगाराला अन्यायाची वाटते, आणि ती आहेच. कौतुकाचेही तसेच. मालक समाधानी आहे हे कारखान्यात कोणालाच माहीत नसते. दर सोमवारी पंधरा मिनिटांची बैठक, विषय आधी लिहून, असा वार लावून घेतला तर बोलणे मनाच्या लहरीवर राहत नाही.

सर्वांत महाग पडते ते न मागितलेले पैसे. माल गेला, बिल गेले, तीन महिने झाले, आणि फोन करायचा म्हणून माणूस रोज तो उद्यावर ढकलतो. संबंध बिघडतील, समोरचा काय म्हणेल, असा विचार तो करतो. इकडे बँकेच्या कॅश क्रेडिटवर व्याज चढत असते. ही भिडेची किंमत पुण्यातल्या किती चांगल्या कारखान्यांनी मोजली आहे! इथे पुन्हा कागदच कामाला येतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी २००६ मध्ये झालेल्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने करारात ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत काहीही असली तरी ४५ दिवसांच्या आत, पैसे दिले पाहिजेत. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या तरतुदीने खरेदीदाराला आणखी अडकवले: मुदतीत पैसे न दिल्यास त्या खर्चाची वजावट त्याला पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच मिळते. त्यामुळे मार्च जवळ आला की हिशेबनीसच परचेस खात्याच्या मागे लागतो. थकबाकीची तक्रार २०१७ पासून सरकारच्या पोर्टलवर लेखी करता येते. कोणाच्या केबिनबाहेर बसावे लागत नाही.

म्हणून प्रत्येक बिलावर देय तारीख आणि कायद्याचा उल्लेख छापून घ्यावा, तारखेच्या आधी आठ दिवस एक आठवण आणि तारखेच्या दुसऱ्या दिवशी दुसरी, अशी पत्रे हिशेब पाहणाऱ्या माणसाने आपोआप पाठवावीत. या कायद्याचे संरक्षण मिळण्यासाठी उद्यम पोर्टलवर उद्योगाची नोंदणी लागते. ती विनाशुल्क आहे, घरी बसून आधार आणि पॅन क्रमांकावर होते, आणि माल पाठवण्याआधी केलेली असावी.